आधी कोळसा, मग कळवळा

शनिवारी सकाळी शिरवण्यातल्या टपरीवर कटिंग पिताना एका मित्राशी चांगलंच वाजलं. विषय काय, तर टॉम स्टायर! या अमेरिकन गृहस्थाने १९८६ साली फॅरॅलॉन नावाचा हेज फंड काढला, अब्जाधीश झाला, २०१२च्या अखेरीस फंड सोडला आणि २०१३ साली हवामानबदलाविरुद्ध संघटना उभी केली. २०१४च्या निवडणुकांत या कामी त्याने ७ कोटी डॉलरहून जास्त ओतले. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की त्याच्या कारकिर्दीत फॅरॅलॉनने आशिया-ऑस्ट्रेलियातल्या कोळसा प्रकल्पांना भरघोस पैसा पुरवला होता.

मित्र म्हणाला, "ढोंगी साला. याने बोलूच नये."

मला हे अजिबात पटत नाही. माणूस बदलला म्हणून त्याला शिव्या घालायच्या, तर मग बदलायचं कोणी? आणि कोळशात पैसा कसा जातो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पण म्हणून आरती ओवाळायची का? तेही नाही! गुंतवणूकदार शेअर विकून मोकळा होतो, खाण मोकळी होत नाही. मालक बदलतो, धूर तोच राहतो. तेव्हा नंतर दान किती दिलं हा प्रश्नच नाही. चेकवर सही करताना काय विचार केला, हा आहे.

आपल्याकडे हेमेंद्र कोठारींचं उदाहरण बघा. डीएसपीच्या गुंतवणूक व्यवसायातून मोठे झालेले मुंबईकर. त्यांनी वाइल्डलाइफ कन्झर्वेशन ट्रस्ट काढला तो २००२ साली, म्हणजे ऐन धंद्यात असताना. निवृत्तीची वाट बघितली नाही, हे मला जास्त आवडतं. तरी ट्रस्टचा खिसा वेगळा आणि बाजाराचा वेगळा, हा पेच कुठल्याही फायनान्सवाल्याला सुटत नाही.

आणि आपल्याला तरी कुठे सुटलाय? दर महिन्याला इंडेक्स फंडात एसआयपी जाते ना? निफ्टी ५०मध्ये कोल इंडिया आहे, एनटीपीसी आहे. म्हणजे स्टायर मोठा, आपण चिल्लर, एवढाच फरक. २०२४ साली इथे नेरूळला फ्लेमिंगो मेले तेव्हा सगळ्यांनी हळहळून स्टेटस टाकले. स्वतःच्या पोर्टफोलिओची फॅक्टशीट मात्र किती जणांनी उघडली?

मी मित्राला तिथल्या तिथे मोबाइल काढायला लावला. त्याच्या फंडात कोळसा निघाला. मग त्याने माझा मोबाइल मागितला... माझ्यातही निघाला!

दोघंही जरा वेळ गप्प. मग ठरवलं, फंड हाऊसला मेल टाकायची, उत्तर पटलं नाही तर फंड बदलायचा. यातून जग वाचेल असा भ्रम नाही. पण फंड सोडला तेव्हा स्टायर ५५ वर्षांचा होता. आपण अजून तिशीत आहोत, राव. पश्चात्तापासाठी निवृत्तीची वाट कशाला बघायची?