फुकटचे पत्रे

परसात सामानासाठी छोटी खोली बांधायची ठरली, तेव्हा भिंतींचा प्रश्न घरात सर्वांना सोपा वाटला. थोरल्या भावाने घराचे छप्पर बदलले होते. जुने सिमेंटचे पत्रे त्याच्या अंगणात पडून होते. "उभे केले की झाली भिंत, एक रुपया खर्च नाही," असे त्याचे म्हणणे. मलाही पटले. शिक्षकाच्या घरात 'फुकट' या शब्दाला वजन असते.

ग्राइंडर घेऊन पत्रे कापायला आलेला मुलगा माझाच जुना विद्यार्थी निघाला. तोंडाला साधा रुमालही नव्हता. मी थांबवले तर हसून म्हणाला, "सर, रोजच कापतो. काही होत नाही."

होते, पण लगेच होत नाही. या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असेपर्यंत ते बहुतेक अडकून राहतात. कापला, फोडला की धुळीतून छातीत जातात. त्यातून होणारे फुप्फुसांचे आजार आणि कर्करोग वीस-तीस वर्षांनी दिसतात. सगळ्या प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. युरोपियन युनियनमध्ये ते 2005 पासून बंद आहे. आपल्याकडे मात्र असे पत्रे अजून विकले जातात. माझ्या भिंतीची किंमत त्या मुलाने साठाव्या वर्षी मोजायची, हा व्यवहार फुकटचा कसा?

मग बाकीचे पर्याय पाहिले. लोखंडी पत्रा झटपट उभा राहतो. पण रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत तो लवकर गंजतो, उन्हात तापतो आणि पावसाळ्यात आतून घाम धरतो. अब्बांची उर्दू पुस्तके अशाच एका पत्र्याच्या खोपीत बुरशीने गेली, ते दुःख अजून ताजे आहे. कारवीचा कूड स्वस्त आणि गार, पण वाळवी आणि झड त्याला सोडत नाहीत. हलके एएसी ब्लॉक बरे, मात्र ते पाणी शोषतात. बाहेरून चांगला गिलावा नसेल तर आमच्या पावसापुढे त्यांचे काही चालत नाही.

शेवटी जांभ्याचा चिराच घेतला. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पाणी तोही पितो. म्हणून जोते उंच घेतले, छपराच्या पाख्या बाहेर काढल्या आणि पावसाच्या बाजूला झापे बांधायची सोय ठेवली. समोरासमोरच्या भिंतींत वर झरोके सोडले. भिंतीला कान असतात, असे मी उर्दू आणि मराठी दोन्ही वर्गांत शिकवतो. सामानाच्या खोलीच्या भिंतीला नाकही लागते.

खर्च वाढला, भाऊ रुसला. जुने पत्रे न फोडता झाकून ठेवले आहेत. त्यांचे काय करायचे, हे कोडे बाकी आहे. पण माझे मत पक्के झाले आहे. भिंत निवडताना आपण दर विचारतो, टिकाऊपणा विचारतो. ती बांधणारा माणूस काय श्वासात घेणार, हेही विचारायला हवे. चिरे रचायला तोच मुलगा गवंड्याच्या हाताखाली आला होता. या वेळी मी रुमाल आधीच काढून ठेवला होता. त्याने तो बांधला, जरा लाजतच.