मे महिन्यातल्या सड्याचा फोटो कोण काढणार?

भाद्रपद उजाडला की वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर कास पठार येते. गुलाबी तेरड्याचा उतार, मधेमधे पिवळी सोनकी, वर धुके आणि मथळ्यात हमखास ‘गालिचा’. पुढचे तीन-चार आठवडे मोबाइलवर हाच फोटो फिरत राहतो. त्यात वाईट काही नाही, फोटो सुंदरच असतात. पण ऑक्टोबर सरतो, गवत पिवळे पडते आणि साताऱ्याच्या पश्चिमेचे हे पठार जणू नकाशावरून पुसले जाते ते थेट पुढच्या पावसापर्यंत. निसर्गाचे ऋतुचक्र टिपतो असे म्हणत आपण प्रत्यक्षात फक्त बहर टिपतो आहोत. ही निव्वळ आवडीनिवडीची बाब असती तर त्यावर लिहायचे कारण नव्हते. जी जमीन वर्षातले दहा महिने कुणाच्या नजरेस पडत नाही, तिला ओसाड ठरवणे फार सोपे जाते, हे खरे कारण आहे.

सडा म्हणजे मुळात जांभ्याचे कातळ. वर मातीचा पातळ थर, काही ठिकाणी तोही नाही. पावसात पाणी तुंबते, उन्हाळ्यात पाय भाजतो. मातीत पोषण इतके कमी की इथल्या काही वनस्पतींनी मांसाहार पत्करला. सीतेची आसवं हे नाजूक निळे-जांभळे फूल सगळ्यांनी फोटोत पाहिलेले असते. त्याच्या मुळाशी ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात, हे त्या फोटोत दिसत नाही. दवबिंदूच्या पानांवरच्या चिकट केसांना किडे अडकतात. पाण्याच्या डबक्यात फुलणारा वायतुरा पाणी आटले की वरून नाहीसा होतो आणि कंदाच्या रूपात जमिनीखाली उन्हाळा काढतो. गेंदाचे तर फक्त बी उरते. भाद्रपदातला बहर हा या सगळ्या खटाटोपाचा शेवटचा अंक. नाटकाचा शेवटचा अंक तेवढा पाहून आपण घरी जातो.

उन्हाळ्यात तिथे काहीच नसते, हेही खरे नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात पूर्ण वाळूनही न मरणाऱ्या ६२ वनस्पती नोंदवल्या आहेत. पाने करपल्यासारखी तपकिरी होतात आणि पाणी मिळाले की तीच पाने पुन्हा हिरवी होतात. याच संस्थेने २०२४ मध्ये तळेगाव दाभाडेच्या गवताळ माळावरून डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही नवी वनस्पती जगापुढे आणली. ती पावसाळ्यानंतर एकदा फुलते आणि माळाला लावलेल्या वणव्यानंतर, मे-जूनच्या सुमारास, दुसऱ्यांदा. जळून काळ्या झालेल्या माळाकडे कॅमेरा वळवायची बुद्धी आपल्यापैकी किती जणांना होईल? चाळकेवाडीच्या पठारावरचा सरडाही घ्या. ‘सारदा सुपर्बा’ हे त्याचे शास्त्रीय नाव २०१६ मध्ये ठरले. ऐन उन्हाळ्यात नर उंचशा दगडावर चढतो आणि गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो. एवढा भडक रंग सप्टेंबरच्या पठारावरही क्वचितच सापडेल.

आता कागदोपत्री या जमिनीला काय म्हणतात ते पाहा. सातबाऱ्यावर कातळाला शेरा मिळतो तो पोटखराबाचा. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात खडकाळ, ओसाड जमिनीचा स्वतंत्र वर्गच आहे. मग कोल्हापूर जिल्ह्यातल्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी निघतात, कोकणात जांभ्याचे चिरे कापले जातात, सुरुंग लावून कातळ फोडून त्यात बाहेरची माती भरली जाते आणि कलमे लावली जातात. बागायतदाराला दोष देण्याचे कारण नाही, त्याला पोट आहे आणि सरकारनेच त्या जमिनीला निरुपयोगी म्हटले आहे. हा शेरा फोटोंमुळे पडलेला नाही, तो कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचा. पण तो खोडण्याची ताकद फोटोत होती आणि ती आपण एकाच महिन्यात, एकाच पठारावर खर्च केली.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. सौंदर्य दिसल्याशिवाय माणसाला जिव्हाळा वाटत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कास आहे, आणि लोकांना ते ठाऊक झाले ते फुलांच्या फोटोंमुळेच. मान्य. पण त्याच न्यायाने ज्या सड्यावर गालिचा पसरत नाही त्याचे काय? कोकणातल्या कित्येक सड्यांवर फुले विखुरलेली, ठेंगणी, गुडघे टेकल्याशिवाय न दिसणारी असतात. रूपावर जिव्हाळा ठरत असेल तर ते सडे पहिल्याच फेरीत बाद होतात. शिवाय देखणेपणाने कासचेही निखळ भले झालेले नाही. दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि शुल्क लावायची वेळ आली, ती फोटोतल्या जागी आपलाही फोटो हवा म्हणून लोटलेल्या गर्दीमुळे.

दुसरा आक्षेप याला धरूनच येतो: मग वर्षभर माणसे पाठवून उरलेले दहा महिनेही नासवायचे का? हा धोका खरा आहे. उन्हाळ्यात विंचू, पाली, बेडूक सुट्या दगडांखाली आसरा घेतात. फोटोसाठी दगड उलटणारा आणि दगडांचे मनोरे रचणारा पर्यटक तेरडा तुडवणाऱ्याइतकाच घातक. दुर्मीळ कंदीलपुष्पाचा नेमका ठावठिकाणा फोटोसोबत जाहीर करणे म्हणजे कंद उकरणाऱ्याला पत्ता देणे. तेव्हा दगड हलवायचा नाही, गाडी कातळावर घालायची नाही, दुर्मीळ जातीचा पत्ता सांगायचा नाही, ही पथ्ये पाळायलाच हवीत. पण गर्दी जमते ती बहराला. रखरखीत मे महिन्यात तिथे जाणारे मूठभरच असतील, आणि मला हवे आहेत ते तेवढेच.

आणि त्यांच्या फोटोंचा उपयोग नुसता पाहण्यापुरता नाही. आल्प्समधल्या हिमनद्या किती मागे हटल्या हे ठरवताना एकाच जागी उभे राहून वर्षानुवर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे पुरावा ठरली. सड्यांना असा पुरावा हवा आहे. टोपली कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, म्हणजे एका वर्षाच्या अल्बममध्ये ती मावणारच नाही. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी घटले, सरडे वाढले, पण ते काटकुळे झाले आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. हा बदल शास्त्रज्ञांनी मोजला. पठाराचे आधीचे, दर उन्हाळ्याचे फोटो कुणी जपून ठेवले असते तर तो आपल्यालाही डोळ्यांनी पाहता आला असता. महागडा कॅमेरा यासाठी लागत नाही. तारीख, जागा आणि कोन तोच ठेवायची शिस्त लागते, आणि ती मोबाइलवाल्यालाही जमते.

दरवर्षी गावोगावच्या छायाचित्र मंडळांच्या निसर्गस्पर्धा होतात आणि बक्षिसे बहरालाच जातात. आयोजकांनी एवढाच एक नियम घालून पाहावा: प्रवेशिकेत एकाच जागेचे तीन फोटो हवेत, पावसाळ्यातला, हिवाळ्यातला आणि उन्हाळ्यातला. आणि आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी त्यांतला उन्हाळ्यातला फोटो पहिल्या पानावर छापावा.