गोतास काळ कोण?

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हणे! झाडांच्या गोताचं राहू द्या, मला चिंता आहे आपल्या गोताची. लोक पात्याची धार बघतात अन् रंगवलेल्या दांड्यावर भाळतात. अहो, रंगाखाली लाकडाच्या रेषा सरळ की तिरक्या, कळणार कसे? तिरक्या रेषांचा दांडा ऐन घावाला दगा देतो. पाते हलू लागले की कुऱ्हाड बादलीत बुडवायची, हा आणखी एक शहाणपणा! लाकूड फुगून घट्ट बसते खरे. पण वाळले की आधीपेक्षा सैल, आणि पाते सुटते ते थेट बघ्याच्या टाळक्यात! त्यापेक्षा सरळ रेषांचा बिनरंगी धावडा घ्या, सुकी पाचर ठोका, जवसाचे तेल मुरवा. जावई पारखताना आपण नुसत्या रंगावर जातो का? मग दांडा तर स्वतःच्या हातात धरायचा असतो!