कापसाच्या हंगामात आयात उघडू नका

वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीपासून जवळच माझी सहा एकर कोरडवाहू कपाशी आहे. मुंबईचं बंदर इथून साडेसातशे किलोमीटर दूर. तरी जहाजांच्या बातम्या मी पावसाच्या बातमीइतक्याच मन लावून वाचतो.

नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडं आणि विमा वाढला. सूत-कपडे पाठवणाऱ्या गिरण्यांचा पैसा असा वाटेत अडकला, की त्या रुई जपून घेतात आणि जिनिंगच्या फाटकावर आमचा भाव उतरतो. त्या काळात आपलं नौदल अरबी समुद्रात पहारा देत होतं. मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकाताने चाच्यांनी पळवलेलं ‘रुएन’ जहाज सोडवलं. तो पहारा माझ्या कपाशीचाही होता, असं मी मानतो.

कापूस आणि समुद्राचं हे नातं जुनं आहे. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला. हिंगणघाटच्या नावाने आमचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ओळखला जाई. पण ती वाट इंग्रजांच्या गिरण्यांच्या सोयीने आखलेली होती, पिकवणाऱ्याच्या नव्हे.

आज सरकार आपलं आहे, म्हणून 2025 चं दुःख जास्त आहे. 19 ऑगस्टला परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. माझी कपाशी तेव्हा पात्या-फुलांवर होती. वेचणीआधीची सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी घरात आली, ती पावसाने ओलसर. ओलावा बारा टक्क्यांच्या वर, म्हणून सरकारी केंद्रावर नेता आली नाही. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. व्यापाऱ्याने मला सात हजारही दिले नाहीत. त्यातूनच वेचाई चुकती केली.

अमेरिकेने 27 ऑगस्टपासून भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं, गिरण्यांना आधार हवा होता, हे मला मान्य आहे. गिरणी बंद पडली तर माझा कापूस घेणार कोण? पण तो आधार निर्यातीच्या करपरताव्यातून द्या, कर्जाच्या व्याजातून द्या, जहाजभाड्यातून द्या. शुल्क उतरवायचंच असेल तर आमची घरं कापसाने रिकामी झाल्यावर, उन्हाळ्यात उतरवा. आणि 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावी ज्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन झालं, तिथे शेतकरी कंपन्यांच्या गाठींसाठी जागा राखून ठेवा. आमची गाठ तिथूनच कंटेनरमध्ये चढली, तर बंदरापर्यंतच्या खर्चाचा हिशेब आमच्या हाती राहील.

माझी मागणी लहान आहे. ऑक्टोबर ते मार्च परदेशी कापसावरचं शुल्क उठवायचं नाही, हा नियम पुढची पेरणी होण्याआधी जाहीर करा. कपाशी लावायची की सोयाबीन, हे आम्हाला जूनमध्येच ठरवावं लागतं.