दर्शनी भागाच्या आत

मुंबईत न्यू मरिन लाइन्सचं लिबर्टी १९४९ साली मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने सुरू झालं. शहरातल्या देखण्या थिएटरांत तेव्हा इंग्रजी चित्रपटांचा दिमाख होता. हबीब हुसेन यांनी हिंदी चित्रपटासाठी त्याच तोलाचं घर बांधलं आणि नव्या स्वातंत्र्यावरून त्याला नाव दिलं. आराखडा रिडली ॲबट यांचा. ते विमान अपघातात गेले, तेव्हा जे. बी. फर्नांडिस यांनी इमारत पुरी केली. आतली सजावट मात्र वामन नामजोशी यांची.

जयपूरचं १९७६ चं राजमंदिरही नामजोशींचंच. तरी आपल्या वास्तुकला महाविद्यालयांत हे नाव क्वचितच कानावर येतं, याची खंत वाटते. लिबर्टीच्या पडद्यालगतची, गोठलेल्या कारंज्यासारखी प्लास्टरची नक्षी आणि भिंतींचं लाकूडकाम पाहताना लक्षात येतं की इथे शोभा आणि ध्वनी वेगळे काढता येत नाहीत. बाराशेच्या आसपास माणसं बसतील अशा दालनात प्लास्टरची प्रत्येक वळी आणि लाकडाचा प्रत्येक तक्ता आवाजाला वळण देतो. ‘हम आपके हैं कौन’ इथे शंभराहून अधिक आठवडे चालला. त्या यशात या दालनाचाही वाटा होता, असं आम्ही मानतो.

चर्चगेटसमोरचं १९३८ चं इरॉस २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. बाहेरचं रूप सांभाळलं गेलं, ही मोठीच गोष्ट. पण जुन्या बाराशे आसनांच्या जागी आत आता तीनशेच्या आसपास आसनांचं आयमॅक्स आहे. धंद्याचं गणित आम्हाला कळतं, आणि इमारत बंद पडून राहण्यापेक्षा हे बरंच. मात्र जे बदलणार, त्याची नोंद हातोडा पडण्याआधी व्हायला हवी. आपले अहवाल दर्शनी भागावर पानंच्या पानं खर्च करतात आणि प्रेक्षागृहाची बोळवण चार छायाचित्रांत होते.

तालुक्याच्या गावांतली एकपडदा थिएटरं तर कुठल्याच वारसा यादीत नाहीत. मालकांना भेटा, परवानगी घ्या. बाल्कनीतून पडद्याकडे जाणारी दृष्टिरेषा, प्रोजेक्शन रूम, छताच्या आतली पोकळी, खुर्च्यांच्या रांगांमधलं अंतर, दारांची सुतारकी, सगळं मोजा. जुना ऑपरेटर किंवा सुतार हयात असेल तर त्याच्याशी बोला. कागदावर नसलेलं बरंच त्याच्या हातात असतं. पुढच्या अंकापासून यासाठी पानं राखली आहेत. मोजमापासह आलेलं रेखांकन अर्धवट असलं तरी छापू.