नावं संपेपर्यंत तरी दिवे लावू नका

पिक्चर संपला हे आपल्याला कधी कळतं? डोअरकीपरनं दार उघडलं की. पडद्यावर नावं सरकत असतात आणि आपण तिकडं पाठ करून गाडी काढायला पळतो. मीही पळायचो.

आमच्या आजरा भागातल्या एका मामांची बैलजोडी एका मराठी सिनेमाच्या शूटिंगला लागली होती. चार दिवस मामा पहाटेपासून उन्हात उभे. तिथल्या एकानं वहीत नाव लिहून घेतलं, "शेवटी नाव येणार बघा" म्हणाला. सिनेमा लागल्यावर आम्ही कोल्हापूरला गेलो. नावं सुरू झाली आणि लगेच दिवे लागले, झाडूवाला आत. मामा काय उठेनात. "थांबा की वो जरा, माझं यायचंय अजून!" निम्मी यादी व्हायच्या आत पडदाच बंद. त्यातून नावं सगळी इंग्रजीत. मराठी सिनेमा, मराठी माणसं, आणि मामांना वाचता येत नाही अशी अक्षरं. पुढं तोच सिनेमा टीव्हीवर लागला, तिथं नावं कापूनच टाकलेली.

सुरुवातीची नावं मात्र कुणी कापत नाही. विशेष आभार, अमुक साहेब, तमुक ज्वेलर्स. ती बघितल्याशिवाय सुटका नाही. म्हणजे पैसेवाल्यांची नावं अंधारात ठळक दिसतात, राबणाऱ्यांची ट्यूबलाइटच्या उजेडात पुसट.

आता कुणी म्हणेल, नावात काय एवढं? भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं'ला (1965) 'आनंदघन' यांचं संगीत होतं. म्हणजे लता मंगेशकरांचं. त्यांनी आपलं नाव आपण होऊन झाकलं. पण त्याच लताबाईंचं नाव 1949 मध्ये 'महल'च्या रेकॉर्डवर नव्हतं. गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या मधुबालाच्या पात्राचं नाव. आपण झाकणं वेगळं, दुसऱ्यानं गाळणं वेगळं. 1973 ला सलीम-जावेदनी 'जंजीर'च्या पोस्टरवर स्वतःची नावं रंगवून घेतली होती. लेखकांची ही गत, तर लाइटमननं कुणाशी भांडायचं? त्याच्याकडं ना सर्टिफिकेट ना सॅलरी स्लिप. पुढचं काम मागताना दाखवायला तेवढं नावच असतं.

मोबाइलवर तर वेगळीच तऱ्हा. 2017 ला नेटफ्लिक्सनं सुरुवातीची नावं ओलांडायचं बटण दिलं, आणि शेवटी पाच-दहा सेकंदांत पुढचा भाग आपोआप चालू. कंटाळवाणी नावं असतात हे मान्य. पण वाचायची का नाही ते मी ठरवीन की!

बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' 1920 चा. शंभर वर्षं झाली, कोल्हापूर जिल्ह्यातली माणसं कॅमेऱ्यामागं राबतायत. सरकार मराठी सिनेमाला अनुदान देतं ना? मग त्याला अट घाला : सगळ्यांची नावं देवनागरीत, वाचता येतील एवढ्या वेगानं. आणि ती संपेपर्यंत थिएटरात दिवे लागायचे नाहीत, चॅनेलनं कापायची नाहीत. याला काय बजेट लागत नाही.

आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगडातल्या ज्यांनी कुठल्याही शूटिंगला काम केलंय, बैलगाडी दिली, घर दिलं, गर्दीत उभे राहिले, त्यांनी मला सिनेमाचं नाव आणि केलेलं काम कळवा. यादी करायला घेतलीय. एक नंबरला मामांचं नाव लिहिलंय, देवनागरीत.