तिकीट महामंडळाचे, चालक भाड्याचा!

येलदरीचे दरवाजे उघडले की सिद्धेश्वरचा जलाशय फुगू लागतो आणि पूर्णाकाठच्या गावांचा जीव धरणावरच्या मोजक्या माणसांच्या हाती जातो. त्या माणसांचा पगार ठेकेदाराने द्यावा आणि ठेकेदाराला सोडलेल्या पाण्याच्या मापाने पैसे मिळावेत, असे उद्या कोणी सुचवले तर औंढा तालुक्यातले शाळकरी पोरही त्याला हाकलून लावील. मग ज्या एसटीत आम्ही आमची लेकरे हिंगोलीला शिकायला पाठवतो आणि बाळंतीण लेक माहेरी आणतो, त्या एसटीच्या चाकामागे ठेकेदाराचा माणूस बसवण्याचे बेत एकामागून एक आखले जातात, तेव्हा आमचा घसा का बसतो?

या व्यवस्थेचे नाव 'वेट लीज'. हा शब्द विमानतळावरून आला आहे. विमान कंपनी दुसऱ्या कंपनीकडून नुसते विमान भाड्याने घेते तेव्हा ती 'ड्राय लीज'. विमानाबरोबर वैमानिक, कर्मचारी, देखभाल आणि विमाही त्याच भाड्यात आला की ती 'वेट लीज'. भाड्याच्या मालाच्या यादीत इंजिन, टायर आणि जिवंत माणूस एका ओळीत मांडणारा हा करार आहे. तो आधी आकाशात रुजला, मग मुंबईच्या 'बेस्ट'मध्ये उतरला आणि आता खेड्यापाड्यांच्या एसटीपर्यंत येऊन ठेपला आहे. म्हणून वैमानिकांची भांडणे ही लाखोंचा पगार घेणाऱ्या बड्या लोकांची भांडणे, आपला काय संबंध, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही बजावतो: संबंध आहे, आणि तो थेट तुमच्या मानेशी आहे.

उतारूचे खरे संरक्षण कशात असते? ते चालकाच्या एका शब्दात असते. तो शब्द म्हणजे 'नाही'. ब्रेक नीट लागत नाही, गाडी काढणार नाही. रात्रभर डोळा लागलेला नाही, विमान उडवणार नाही. हा नकार देणाऱ्याच्या पाठीशी कायम नोकरी, संघटना आणि नियमांचे पुस्तक असावे लागते. कंत्राटी माणसाच्या पाठीशी यातले काय आहे? मालकाला भाडे किलोमीटरवर मिळते. गाडी उभी राहिली की त्याचा धंदा उभा राहतो. अशा मालकापुढे 'नाही' म्हणणारा चालक दुसऱ्या दिवशी घरी बसतो आणि त्याच्या जागी 'हो' म्हणणारा येतो. चालक भाड्याने घेणे म्हणजे त्याचा नकार विकत घेऊन गाडून टाकणे होय. आमचा सगळा संताप या एका गोष्टीवर आहे.

पुरावा हवा? 12 फेब्रुवारी 2009 ची रात्र पाहा. अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक विमान एका घरावर कोसळले. विमानातले 49 आणि घरातला एक, असे 50 जीव गेले. विमानावर नाव 'कॉन्टिनेन्टल'चे होते, पण ते उडवत होती 'कोलगन एअर' नावाची ठेक्यावरची छोटी कंपनी. सहवैमानिक 24 वर्षांची तरुणी होती, तिची वर्षाची कमाई सुमारे 16 हजार डॉलर. कामाच्या शहरात राहणे परवडेना, म्हणून ती देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. कप्तानानेही आदली रात्र विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. शेवटची चूक कप्तानाच्या हातून झाली, हे चौकशीत स्पष्ट झाले आणि ते आम्ही नाकारत नाही. पण त्या दोघांना त्या अवस्थेत तिथवर कोणी आणले? मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये खेटे घातले, तेव्हा 2010 मध्ये कायदा झाला आणि सहवैमानिकालाही उड्डाणाच्या दीड हजार तासांची अट आली. 50 प्रेते पडल्यावर जे शहाणपण सुचले, ते अमेरिकेतले वैमानिक त्याआधीपासून ओरडून सांगत होते. आपले विमान कोण उडवणार याची हद्द करारात आखून द्या, ही त्यांची जुनी मागणी. तिला कंपन्या हटवादीपणा म्हणत आल्या.

आपल्याकडे काय वेगळे घडले? 2009 मध्येच मुंबईच्या 'जेट एअरवेज'मध्ये वैमानिकांनी संघटना काढली, तर दोघांना कामावरून काढून टाकले. मग शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले. पाच दिवस विमाने जमिनीवर राहिली, तेव्हा कुठे कंपनी नमली. लाखभर पगाराच्या वैमानिकाला संघटनेचा साधा हक्क असा झगडून मिळवावा लागत असेल, तर ठेकेदाराच्या चालकाची काय कथा?

आणि 2025 चा डिसेंबर तर सर्वांनी पाहिला. वैमानिकांच्या साप्ताहिक विश्रांतीचे 36 तास 48 करणारे आणि रात्रीच्या उतरण्यांना लगाम घालणारे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. कंपन्यांच्या दबावाने ते लांबले, वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा ते दोन टप्प्यांत लागू झाले. दुसरा टप्पा 1 नोव्हेंबरला आला. देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने, 'इंडिगो'ने, पुरेसे वैमानिक ठेवलेच नव्हते. 5 डिसेंबरला एका दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली आणि सरकारने काय केले? कंपनीला धारेवर धरण्याआधी तिला त्याच नियमांतून तात्पुरती सूट दिली! वैमानिकाची झोप हा शासनाच्या लेखी वाटाघाटीचा विषय ठरला. याच कंपनीने 2023 पासून तुर्की एअरलाइन्सची मोठी विमाने आणि पुढे नॉर्स अटलांटिकची विमाने वैमानिकांसह भाड्याने आणली. त्या परदेशी वैमानिकांशी आमचे वैर नाही, तेही पोटासाठी उडतात. आमचा प्रश्न धंद्याच्या या रीतीला आहे. माणसे घडवायची नाहीत, त्यांना पुरती विश्रांती द्यायची नाही, आणि कमी पडली की बाजारातून भाड्याने आणायची.

हाच प्रकार जमिनीवर पाहा. 2017 मध्ये एसटीची 'शिवशाही' आली, तिच्यातल्या कितीतरी गाड्या ठेकेदाराच्या आणि चालकही त्याचेच. 'बेस्ट'मध्ये ठेकेदारांच्या चालकांनी ऑगस्ट 2023 मध्ये आठवडाभर गाड्या थांबवल्या. मागणी काय होती? महिना 25 हजार पगार आणि मोफत प्रवासाचा पास. मुंबईची गाडी हाकणाऱ्याला त्याच गाडीत फुकट बसण्याची सोय नव्हती! त्या दिवसांत मुंबईकरांची सोय करायला एसटीच्या गाड्या धावल्या, हे ठेक्याच्या पुरस्कर्त्यांनी लक्षात ठेवावे.

मग 9 डिसेंबर 2024 ची कुर्ल्याची रात्र आली. 'बेस्ट'ची भाड्याची विजेची बस गर्दीत घुसली आणि किमान सात माणसे चिरडली गेली. खटला न्यायालयात आहे, त्यावर आम्ही निवाडा देत नाही. पण विजेच्या अशा गाडीवर चालकाला जेमतेम काही दिवसांचे प्रशिक्षण मिळाले होते, हे तपासात पुढे आले. आरोपी चालक झाला. ज्या कराराने त्याला त्या जागेवर बसवले, त्या करारावर सह्या करणारे आरोपीच्या पिंजऱ्यात कधी उभे राहणार?

एसटी तोट्यात आहे, ठेक्याने पैसा वाचतो, हे तुणतुणे आता पुरे झाले. 1310 गाड्या भाड्याने घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा 2025 च्या आरंभी खुद्द मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली, कारण त्यात महामंडळाचेच कोट्यवधींचे नुकसान दिसत होते. 5150 विजेच्या गाड्यांचा करार झाला, ठरल्या मुदतीत आल्या त्या मूठभर. कुठे गेली ती बचत? सप्टेंबर 2023 मध्ये तर सरकारी नोकरभरतीच नऊ कंपन्यांच्या हवाली केली होती. तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा ऑक्टोबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणजे ठेक्याचे पाऊल मागे घेता येते. घ्यायला लावावे लागते, एवढेच.

कायदा काय म्हणतो? 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने बारमाही कामातून ठेका बंद करण्याचा अधिकार सरकारला दिला. एअर इंडियाच्या ठेक्यावरच्या सफाई कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले की ठेका बंद झाला तर कामगाराला मूळ मालकाने सामावून घ्यावे. 2001 मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि गरिबाच्या हातातली काठी गेली. नव्या श्रमसंहितेत मूळ कामात ठेक्याला मनाई लिहिली आहे, पण शेजारीच अपवादांचे भगदाड ठेवले आहे. बस चालवणे हे बस महामंडळाचे मूळ काम नसेल, तर कोणते आहे?

2021-22 चा एसटी कामगारांचा साडेपाच महिन्यांचा संप सिद्धेश्वरकर विसरलेले नाहीत. पोरी शाळेला पायी गेल्या, म्हातारी माणसे फाट्यावर वडापच्या जीपला लोंबकळली. त्या संपात एसटीचे राज्य सरकारात विलीनीकरण करण्याची मागणी पुरी झाली नाही आणि काही पुढाऱ्यांनी कामगारांच्या दुःखावर आपली पोळी भाजली, हेही आम्ही उघड सांगतो. तरीही मागणीमागचा प्रश्न खरा होता: आमचा मालक कोण? एसटी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला निघाली, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर गणवेशावर लिहिलेले होते.

परिवहन मंत्र्यांनी हे उत्तर पुन्हा लिहावे. ठेक्यावरच्या चालकांना परीक्षा घेऊन महामंडळाच्या पटावर घ्यावे आणि पुढच्या एकाही करारात चालक भाड्याने आणू नये. केंद्र सरकारने वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम एका कंपनीसाठीही सैल करू नयेत. आणि सिद्धेश्वरच्या गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा: आमच्या फाट्यावर थांबणाऱ्या एसटीचा चालक एसटीचाच हवा. ठरावाची एक प्रत हिंगोलीच्या आगारप्रमुखाला द्या, दुसरी मंत्रालयात पाठवा आणि पोहोच मागून घ्या.